सुमती गाडीतून काहून उतरली

भादव्याचं ऊन पडलं की माझ्या हातांना चैन पडत नाही. पोळा होऊन गेलेला असतो, पण बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरलेला नसतो. रोवणी कधीचीच संपलेली आणि कापणीला दीड-दोन महिने बाकी. बांध्यांमध्ये धान पोटरीला आलेलं असतं आणि पाऊस नेमका तेव्हाच तोंड लपवतो. सकाळी आभाळ, दुपारी चटका, संध्याकाळी कोरडी गडगड. माणसं अंगणात येतात, वर पाहतात, घरात जातात, पुन्हा येतात. जनावरंसुद्धा दाव्याला हिसके देतात.

यंदाही तसेच दिवस आहेत. मी छपरीत बसते आणि बोटं आपोआप लुगड्याचा काठ गुंडाळायला लागतात.

सून विचारते, "आई, काय करून राहिल्या?"

"काही नाही. बिडी वळून राहिली."

ती हसते. तिला वाटतं मी गंमत करते.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण अक्षर पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. म्हणून सुनेनं मला फोनवर पुस्तकं लावून दिली. आत कुणी बाई नाही तर बुवा बसून वाचतो, मी बाहेर बसून ऐकते. लोक म्हणतात, टीव्ही पाहा ना. टीव्हीत सगळ्यांची तोंडं पाहावी लागतात. सावकार कसा दिसतो हे मला माहीत आहे, ते दुसऱ्यानं कशाला दाखवायचं? पुस्तक ऐकताना तो मला हवा तसा दिसतो.

चक्कीवर दळण न्यायला गेले की बायका विचारतात, "सद्या कोणतं चालू हाय मावशी?" मी सांगते. आवडलं असेल तर आवडलं म्हणते, नसेल तर नाही. मागच्या महिन्यात एक ऐकलं, त्यात माणूस तीन तास नुसता खिडकीत उभा होता. मी चक्कीवर सांगितलं, तुमी ऐकू नका, पाय दुखतील. तरी दोघींनी ऐकलं आणि म्हणाल्या, मावशी, शेवटी तो खिडकी लावतो तेव्हा बरं वाटते. असेल. माझी चूकही असेल.

पण तीन तास उभा असला तरी मी ते पूर्ण ऐकलं. मी कोणतंही पुस्तक अर्ध्यात सोडत नाही आणि मधलं काही गाळू देत नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण भादव्यातलंच आहे.

माझं माहेर कारध्याचं. वैनगंगेच्या काठावर, पलीकडे भंडारा. चौथीपर्यंत शिकले. पुढं शिकवायचं कुणाच्या मनात नव्हतं, माझ्याही नव्हतं. लग्न होऊन सानगडीच्या बाजूला आले तर त्या गल्लीत चौथी झालेली बाई मी एकटीच. गल्लीचा धंदा बिडीचा. शेतातलं काम नसलं की घरोघरी मांडीवर सूप यायचं. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूचा पत्ता आणि कैची. ठेकेदाराकडं आपलं कार्ड असलं की पत्ता-तंबाखू मिळायचा. कार्ड नसलं की गल्लीत राहूनही तुम्ही कुणीच नाही.

ऐंशी साल लागायला एक-दोन वर्षं बाकी होती. शाळेतल्या मास्तरांच्या बायकोनं मला एकदा शेंगदाण्याच्या पुडीचा कागद वाचताना पाहिलं. तिच्याकडं पुस्तकांची ट्रंक होती. "नेत जा एकेक," म्हणाली. मी माघात पहिलं नेलं आणि दुपारी छपरीत वाचत बसले, तर समोरची पार्बता सूप घेऊन आली.

"मनातल्या मनात कायले वाचतं? आम्ही का मेलो हाव?"

त्या दिवसापासून मोठ्यानं वाचायला लागले. पार्बता माझ्याच वयाची. तिचा नवरा भिलाईला कामाला, वर्षातून एकदा यायचा. त्याची पत्रं मीच वाचून द्यायची. सगळ्या पत्रांत एक ओळ ठरलेली, खोली मिळाली की तुला नेतो. पार्बता ती ओळ दोनदा वाचायला लावायची आणि पत्र तांदळाच्या डब्यात टाकायची. दुसरी काशीआजी. तिचे सगळे दात पडले होते, जीभ मात्र शाबूत. आणखी तिघी-चौघी यायच्या, पण बोलणाऱ्या या दोघी.

आमचा एक रिवाज पडला. वाचणारीचे दोन्ही हात पुस्तकात गुंतलेले, मग तिच्या बिड्या कोण वळणार? म्हणून प्रत्येकीनं आपल्या वळलेल्यांतल्या थोड्या माझ्या सुपात टाकायच्या. मला ते कधी मागावं लागलं नाही. पानं पलटत जायची आणि माझं सूप भरत जायचं. संध्याकाळी मी ते ठेकेदाराकडं नेऊन द्यायची. माघ, फागुन, सगळा उन्हाळा, मधली रोवणी सोडली तर आखाड-श्रावण असंच चाललं.

बिडीचं काम ज्यांनी केलं नाही त्यांना एक गोष्ट समजत नाही. हाताकडं पाहून बिडी वळली की बिघडते. हात आपल्या मापानं चालतात, त्यांच्यावर डोळे ठेवले की ते लाजतात. डोळे आणि डोकं दुसरीकडं पाहिजे. म्हणून बायकांना गोष्ट पाहिजे असायची. पुस्तक रंगात आलं की त्यांच्या बिड्या एकसारख्या उतरायच्या. कधी फार रंगात आलं की घोटाळाही व्हायचा. गोष्टीतलं पोर विहिरीत पडलं त्या दिवशी काशीआजीनं दहा-बारा बिड्या तंबाखू न भरताच दोरा बांधून ठेवल्या.

"पोराचा जीव जाऊन राहिला अन् मी तमाखू भरू?" म्हणाली.

आणि मला? मला त्या गोष्टी मिळाल्या नाहीत. हे कुणाला पटत नाही. वाचणारीला ओळी मिळतात. पुढचा शब्द जोडाक्षराचा आहे का, श्वास कुठं घ्यायचा, ऊन पानावर आलं तर सरकायचं कुठं, तिचं सगळं लक्ष त्यात. बायका रडायच्या तेव्हा मी बोट ओळीवर ठेवून थांबायची, आणि मनात यायचं, या आटपतील कधी. सहा महिने मी गल्लीला जेवण वाढलं आणि स्वतः उपाशी उठले. तेव्हा हे इतकं स्पष्ट समजत नव्हतं. नुसती चिडचिड व्हायची.

भादव्यात ठेकेदाराकडं नवा चेकर आला. गोंदियाकडचा, हिंदी-मराठी मिसळून बोलणारा. चेकर म्हणजे बिड्या तपासून खराब बाजूला काढणारा माणूस. जुना चेकर मूठभर उचलायचा, वास घ्यायचा, झालं. यानं माझं सूप सतरंजीवर पालथं केलं आणि बोटानं बिड्यांचे पाच ढीग केले.

"बाई, ये एक हात नहीं है. ह्यात पाच हात आहेत."

त्यानं एक बिडी उचलली. "ही बुडाशी जाड. कोण्या बुढीची आहे." ती काशीआजीची होती. दुसरी उचलली. "ही बघा, सरळ. दोऱ्याचे दोनच फेरे, पण हलत नाही." ती पार्बताची. मग माझ्याकडं पाहिलं. "आणि तुमची कोणती?"

माझी त्यात एकही नव्हती.

"उद्या सकाळी इथंच बसून पंचवीस वळून दाखवायच्या. नाही जमलं तर कार्ड बंद."

बिडीला हाताची ओळख असते, सहीसारखी. जन्मभर आम्हाला हे माहीत होतं आणि तरी आम्ही सगळ्या बायका ते विसरलो. गोष्टीच्या नादात.

घरी आले. बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या. आमचे मालक बांधावर जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. धान गेलं तर घरात फक्त माझं कार्ड उरणार होतं. तेही उद्यावर आलं. मी सूप घेतलं, पत्ता कापला आणि वळायला बसले. पहिली सुटली. दुसरीत तंबाखू एका टोकाला. तिसरीचं तोंड दुमडेना. सहा महिन्यांत बोटांचं माप हरवलं होतं.

तेवढ्यात मास्तरीणबाई दारात. मास्तरांची बदली झाली होती, पार चंद्रपूरकडं. सामान उद्या पहाटे निघणार. "ते पुस्तक आज दिवेलागणीला न्यायला येते हं," म्हणाली.

त्या पुस्तकाचं कव्हर फाटलेलं होतं, पहिली पानंही नव्हती. नाव आम्हाला कधी समजलं नाही. आम्ही त्याला सुमतीचं पुस्तक म्हणायचो. सुमती समुद्राच्या काठावरच्या गावातली. नवरा जहाजावर गेला तो गेला, वर्षं झाली. घरात एक भिंतीवरचं घड्याळ, त्याला ती रोज किल्ली देते. समुद्र आमच्यातल्या कुणी पाहिला नव्हता. मी सांगितलं होतं, पुरातली वैनगंगा आठवा आणि पलीकडचा भंडारा काढून टाका. काशीआजी म्हणाली होती, "मंग पाणी थांबते कुठं?" ते मलाही माहीत नव्हतं.

दुपारी सगळ्या जमल्या. चाळीसेक पानं उरली होती. मी सांगितलं, आज मला वेळ नाही, माझं कार्ड जाऊन राहिलं.

"अवो, पुस्तकही जाऊन राहिलं ना," पार्बता म्हणाली. "कार्डाचं उद्या हाय. पुस्तकाचं आज हाय."

बोलणं खरं होतं. मी वाचायला बसले. पण डोकं बोटांत होतं. मी रेल्वेसारखी वाचत सुटले. नवऱ्याचं पत्र येतं, बंदरावर उतरलो आहे, तू ये. सुमती घर लावते, किल्ली शेजारणीला देते, घड्याळ मांडीवर घेते आणि बैलगाडीत बसते. गाडी समुद्राच्या कडेकडेनं निघते. पुढं पाहिलं तर लाटा, चांदणं, वाळू, पुन्हा लाटा. दोन पानं गच्च. मी म्हटलं, हे वर्णन आहे, याच्यानं काय अडतं? आणि दोन्ही पानं एकदम पलटली.

पुढच्या पानावर सुमती आपल्या घरी परत आलेली होती. पायी. पाय धुळीनं भरलेले, घड्याळ काखेत. शेजारणीकडून किल्ली मागत होती.

मी थांबले नाही. मागं जाऊन पाहायचं मनातही आलं नाही. संपवलं, पुस्तक मिटलं, सूप ओढलं. मास्तरीणबाई आली, पुस्तक घेऊन गेली. अंधार पडेपर्यंत मी वळत बसले आणि एकही धड झाली नाही.

सकाळी ठेकेदाराच्या ओट्यावर बायकांची गर्दी. चेकर खुर्चीवर. मी खाली बसले, सूप मांडीवर. सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर, माझेही. पहिली बिडी फाटली. दुसरी फाटली. कुणीतरी मागून खुदकन हसलं.

पार्बता गर्दीतून पुढं आली आणि माझ्यासमोर बसकण मारली.

"खाली पाहू नोको. माह्याकडे पाय. आयक." आणि तिनं सुरू केलं. "सुमतीने पत्र पदरात बांधले. तिने घराच्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या…"

तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण शब्द न् शब्द तोच, पुस्तकातली भाषा, माझा आवाज. मी जिथं श्वास घेतला होता तिथं ती श्वास घेत होती. मी जिथं खोकले होते तिथं खोकली.

"तिने घड्याळ मांडीवर घेतले. अवो, कोणी त्या कोंबडीले हाकला ना! आणि गाडीवानाने बैल जुंपले."

ओटा हसून हसून लोळला. कोंबडी माझी होती. वाचता वाचता मी ओरडले होते, तिनं तीही ठेवून घेतली होती.

मी हसले नाही. मी ऐकत होते. पहिल्यांदा मला ती गाडी दिसली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. घड्याळ मांडीवर घेऊन बसलेली ती बाई, आत टिकटिक, बाहेर ते पलीकडचा काठ नसलेलं पाणी. माझ्या हातांचं काय चाललं होतं मला माहीत नाही. सुपात बिड्या पडत होत्या.

"गाडी समुद्राच्या कडेने जाऊ लागली," पार्बता म्हणाली, आणि थांबली. "इथं हिनं दोन पानं एकदम पलटवली."

माझे हात थांबले.

"तुले कसं समजलं?"

"एक पान पलटते तं पातळ आवाज येते. हा जाड आला. मी काल बोलली नाही, तू घाईत होती."

काशीआजी कपाळाला हात लावून बसली. "म्हणूनच! मी रातभर इचार करून राहिली, गाडीत बसलेली बाई पायी कशी आली? काहून उतरली ते त्या पानात असन!"

"मग उतरली काहून?" हे चेकरनं विचारलं. तो खुर्चीवरून पुढं वाकला होता. नंतर त्याचं त्यालाच लक्षात आलं आणि त्यानं माझ्या बिड्या मोजायला घेतल्या.

पंचवीसमधल्या नऊ खराब निघाल्या. सोळा बऱ्या. "हात कच्चा पडला," तो म्हणाला. "दसऱ्यापर्यंत सुधारा. आणि सुपात दुसऱ्याचा हात दिसला तर कार्ड फाडीन."

कार्ड राहिलं. मी तिथून उठले ती थेट मास्तर राहायचे त्या शाळेच्या खोल्यांकडं गेले. दाराला कुलूप होतं. अंगणात सामान बांधल्याच्या सुतळीचे तुकडे पडलेले. गाडी पहाटेच निघून गेली होती.

मास्तरांच्या नव्या शाळेचा पत्ता मिळवून मी पोस्टकार्ड लिहिलं. सुमतीच्या पुस्तकातली दोन पानं उतरवून पाठवा, असं. आयुष्यात मी कुणाला इतकं अजिजीनं लिहिलं नाही. उत्तर दिवाळीनंतर आलं. ट्रंक अजून उघडली नाही, सापडलं की पाठवते, सर्वांना नमस्कार. मग काही आलं नाही. तिचा दोष नाही. परक्याच्या ट्रंकेत माझं काय अडकलं आहे हे तिला कसं कळावं?

त्या भादव्यात पाऊस अगदी शेवटी, हत्तीच्या नक्षत्रात आला. अर्धं धान हाती लागलं. दसऱ्यापर्यंत मी रोज दुपारी स्वतःच्या बिड्या स्वतः वळल्या, आणि वाचायला पुस्तक नव्हतंच. तेव्हा पार्बता सांगायची. माघापासूनची सगळी पुस्तकं, एकामागून एक, माझ्या खोकल्यासकट. मी सूप मांडीवर घेऊन ऐकायची. जी पुस्तकं मी वाचली होती ती मला तेव्हा मिळाली. माझा हातही तेव्हाच परत आला.

पण सगळ्या गोष्टी फिरून सुमतीच्या गाडीवर यायच्या. काशीआजीचं ठरलेलं होतं. "नवरा इतक्या सालानं आला, अन् घ्यायले सोता येत नाही, चिठ्ठी धाडते. कोण जाईन? मी तं गाडीत चढलीच नसती." एक म्हणाली, घड्याळ बंद पडलं असेल. एक म्हणाली, गाडीवानानं काही सांगितलं असेल नवऱ्याबद्दल. जिची सासू कडक तिला सुमतीची सासू दिसायची, पुस्तकात सासू नव्हतीच. पार्बताचं एकच उत्तर. "पानात असन."

त्याच पौषात भिलाईहून पत्र आलं. खोली मिळाली, तू ये. मी ते तीनदा वाचून दिलं. पार्बतानं पेटी भरली, घराची किल्ली माझ्याकडं दिली. सकाळच्या एसटीत मी तिला बसवून आले. दुपारी मी छपरीत बसले होते, तर ती समोरून येताना दिसली. डोक्यावर पेटी, पाय धुळीनं भरलेले. साकोलीला उतरून पायी परत आली होती.

मी किल्ली दिली. विचारलं, "काहून उतरली?"

"तूनं पानं पलटवली ना," ती म्हणाली आणि दार उघडून आत गेली.

पुन्हा हा विषय आम्ही काढला नाही. ती भिलाईला गेली नाही. नवरा दोन-चार वर्षं आला, मग यायचा थांबला. ती बिड्या वळत राहिली, मीही. मला वाईट वाटतं असं मी म्हणणार नाही, कारण ती सुखी झाली असती की नाही हे मला माहीत नाही. मला फक्त चैन पडत नाही. त्या दोन पानांत समुद्राच्या लाटाच असतील, आणखी काही नसेल, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं. पण लाटांनीच एखादी बाई उतरत असेल तर? मी समुद्र अजून पाहिलेला नाही.

सुनेला मी पहिल्यांदा तेच पुस्तक शोधायला लावलं. ती म्हणाली, नाव सांगा. लिहिणाऱ्याचं नाव सांगा. मी म्हटलं, सुमती, घड्याळ, बैलगाडी. तिनं खूप शोधलं. मिळालं नाही. म्हणून मी सगळीच ऐकते. एखाद्या दिवशी त्या फोनमधली बाई वाचता वाचता त्या गाडीपर्यंत येईल, असं मला वाटतं. असं वाटणं मूर्खपणाचं आहे. तरी वाटतं.

पार्बता रोज दुपारी येते. गुडघे गेले, कान तसेच तिखट. काल आम्ही ऐकत बसलो होतो. बाहेर तेच ऊन, तेच रिकामं आभाळ. पुस्तकात नदी आली, नदीचा काठ आला, झाडं आली. संपेचना. सून धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "आई, हे नुसतं वर्णन हाय. पुढं ढकलून देऊ का?"

"नोको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. ती दचकली.

मग नदी सगळी ऐकली. पार्बताची बोटं हवेत चालली होती, चिमूट, वळसा, दोरा. माझीही. नदी संपल्यावर तिनं विचारलं, "या डब्ब्यात मांगं जाता येते काय?"

"येते. बटण हाय."

"किती मांगं?"

"पंधरा सेकंद."

"बस?"

"एकदा दाबलं की पंधरा सेकंद. बस."

पार्बतानं फोन माझ्याकडं सरकवला.

"मंग दाबत राय," ती म्हणाली.